शांताची गोळी

चहा घ्या, सांगतो. ऐंशी सालचा मे महिना असेल. माझी बायको शांता बारा वर्षांपासून रोज झोपेची एक गोळी घ्यायची. अलीकडे ती विसरायला लागली होती, म्हणून रात्री जेवण झालं की गोळी मीच तिच्या हातावर ठेवायचो.

एका सकाळी ती उठेना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू होता, पण डोळे काही उघडेनात. नंदनवन वस्तीतून डॉक्टरांना घेऊन आलो.

"बाबा, काल गोळ्या किती दिल्या?"

"एकच जी. माझ्या हातानं देल्ली."

तरी मी डबीतल्या गोळ्या मोजल्या. हिशेबापेक्षा एक कमी भरली.

डॉक्टर म्हणाले, "या वयात औषध अंगात साचतं. तिच्याजवळ बसा. दुपारपर्यंत जागी झाली नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल."

मी तिचा हात धरून बसलो. ऊन चढलं तशा गरम वारा अडवायला दारंखिडक्यांवर वाळ्याच्या ओल्या ताट्या सोडल्या. खोलीत अंधार झाला. बाराच्या सुमारास तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्यापुढं हात पसरला.

"रात्र झाली ना. गोळी द्या न जी."

काल दुपारी मी घरी नव्हतो. तेव्हाही ती अशाच अंधारात जागी झाली असणार आणि रात्र समजून स्वतःच गोळी घेतली असणार.

मी उठलो आणि दारावरची ताटी ओढून काढली.

"अवो, काय करून राहिले? लू लागन ना!"

"लागू दे वं," मी म्हटलं, "पण तुले दिवस दिसू दे."