म्हातारीचं हाय

तुम्ही हसाल, पण मला त्याचा अजून राग येतो. नव्व्याण्णव साली सांगलीतल्या कॅफेत बसून मी इंटरनेटवर एक मराठी खेळ खेळायचे. सगळ्यांनी मिळून एका राज्याची गोष्ट रचायची, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. बाकीचे सगळे राजकन्या नि सेनापती. मी मात्र झाडपाल्याचं औषध देणारी, जतकडची मेंढपाळ म्हातारी झाले.

एक दिवस राजाला विषबाधा झाली. खेळ चालवणारे पुण्याचे गृहस्थ प्रधान होते. त्यांनी विचारलं, "आजी, उतारा आहे का?"

मोडेम किंचाळला तरी दचकणारी मी. लगेच लिहिलं, "हाय." म्हणजे आहे.

प्रधान म्हणाले, "हाय आजी."

राजकन्या म्हणाली, "हाय आजी, कशा आहात?"

मी घाईनं लिहिलं, "हाय. लय हाय."

"आजी, राजा मरतोय, पुरे झालं हाय हाय."

तेवढ्यात राजा गेलाच. उतारा लपवला म्हणून म्हातारीला देहदंड झाला. वर प्रधानांनी मला सुनावलं, "खेड्यातली बाई इंग्रजीत हाय म्हणेल का? पात्राचा जरा अभ्यास करा."

अभ्यास करा म्हणे. माझी सख्खी आजी जतची आहे.

मी तणतणत उठले. कॅफेवाले दादाही तिकडचेच, माझ्या म्हातारीची रोज चौकशी करणारे. "काय ओ ताई, मेली व्हय म्हातारी?"

"न्हाई," मी म्हटलं. "हाय."

दादांनी समाधानानं मान हलवली. उलट हाय म्हणाले नाहीत.