छत्रीचे पितळी टोक

नाव: नोंदवहीत लिहून दिले आहे. वय: ५४ वर्षे. धंदा: वार्ताहर. राहणार: पोस्टामागची गल्ली, दुसरा मजला.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, माझ्या काळ्या छत्रीचे पितळी टोक काल सकाळपासून नाहीसे आहे. छत्री बावीस वर्षांची असून तिने आजवर कोणाचे काही बिघडवलेले नाही. टोकाविना ती भिंतीशी उभी राहत नाही. ही तक्रार प्रथम नोंदवावी.

माझी थोरली बहीण, तिचे यजमान (पुढे भाऊजी) आणि भाऊजींचे स्नेही, एक निवृत्त दंतवैद्य, असे तिघे मंगळवारपासून माझ्याकडे उतरले आहेत. तिघांना जुन्या वास्तू पाहण्याचा नाद आहे. पाहणे म्हणजे त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेणे. चार दिवसांत एक बुरूज, दोन पडक्या वेशी आणि एक कोरडे कारंजे यांना त्यांनी पाठ दाखवली.

काल शनिवारी दहा वाजता आम्ही जुन्या दफनभूमीत गेलो. फाटकालगतच्या खोलीत राहणारा राखणदार तिथले दगड रोज दोन वेळा मोजतो. एकूण दोनशे सात. त्याने आम्हाला प्यायला पाणी दिले आणि "बघा निवांत, फक्त हात नका लावू," असे सांगून तो पलीकडे झाडायला गेला.

मला संस्कृत येते, म्हणून कोणत्याही लिपीतला कोणताही दगड मला वाचता येतो, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी मोडलेला नाही. एका तडकलेल्या दगडापाशी भाऊजी म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे वाचा बरं." ती लिपी मला येत नाही. मी चष्मा पुसला आणि वाचले, "पाहुणा म्हणून आला, तो इथेच राहिला."

हा टोमणा होता. ताईला कळला, ती झाडाकडे बघू लागली. भाऊजींचे डोळे भरून आले. "वा, काय विचार आहे. हा आपल्या हॉलमध्ये पाहिजे."

दंतवैद्यांनी दगडाचा कोपरा दोन बोटांत धरून हलवला. "मुळातच सुटलाय. थोडा रेटा दिला की अलगद येईल. टोकदार काही आहे का?"

ताई मला म्हणाली, "अरे, तू तरी अडव यांना." अडवायचे तर मला ते वाचता येत नाही, हे आधी सांगावे लागले असते. मी म्हणालो, "भाऊजींना अडवणारा मी कोण?" आणि छत्री पुढे केली.

कोपरा वीतभर असून सध्या माझ्या घरी, भाऊजींच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेला आहे. निघताना राखणदाराने अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहिले, "देखरेख उत्तम." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पेपरवाले. तुमचं लिहिलेलं कामी येईल."

आज अकरा वाजता रोजच्याप्रमाणे बातम्या घ्यायला मी ठाण्यात आलो, तेव्हा कळले की, संध्याकाळच्या मोजणीत तुटलेला दगड राखणदारानेच पाहिला आणि त्यानेच इथे येऊन कळवला. दगड विकल्याच्या संशयावरून सकाळपासून तोच बाहेरच्या बाकावर आहे. नोकरी गेली की त्याची खोलीही जाईल. दगडाच्या फटीत सापडलेले पितळी टोक आपल्या टेबलावर आहे. ते माझे आहे.

मी ते हरवले म्हणून मागून न्यायचे, असे ठरवूनच आत आलो होतो. दाराशी मला पाहून तो बाकावरून उठून उभा राहिला. मी त्याच्या बाजूने सांगायला आलो, असे त्याला वाटले. मला काळजी छत्रीची नाही, भाऊजींची तर मुळीच नाही. तो उठला नसता, तर मी टोक घेऊन घरी गेलो असतो, याची आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने बाहेरही ऐकू गेला असावा. माझ्या सांगण्याबरहुकूम लिहिला आहे. छत्रीची तक्रार तेवढी खोडावी.