‘वापर बंद’ खलबत्त्याच्या चोरीबाबत

नाव व पत्ता वरच्या रकान्यात आहे. वय २३, शिक्षण पदवीपर्यंत (घरात पहिलीच), व्यवसाय वाचनालयात मदतनीस, तसेच गावच्या इतिहास मंडळाची सचिव. आज दुपारी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

आमच्या मंडळाने तीन महिने घरोघर फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या. आज सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात त्यांचे प्रदर्शन सुरू झाले. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. वस्तू क्रमांक १७ हा आमच्या घरचा दगडी खलबत्ता होता. त्यापुढची चिठ्ठी अशी: ‘सुमारे तीनशे वर्षे जुना. वापर बंद.’ तीनशे हा आकडा गुरुजींचा. ‘वापर बंद’ हे माझे.

साडेअकराच्या सुमारास माझी आई आली. ती शिवणकाम करते. तिने चिठ्ठी एकेक अक्षर लावून वाचली आणि म्हणाली, “वापर कोणी बंद केला गं? दोन दिवस मी घर पालथं घालतेय, लसूण कशात कुटू म्हणून!” मी तिला हळू बोल म्हटले, कारण पाहुणे येणार होते. ती बरं म्हणून गेली. पहिल्या पगारात मी मिक्सर आणल्यामुळे खलबत्ता वापरात नाही, असा माझा समज होता. मिक्सर खोक्यातून बाहेर आलेला मी पाहिला नव्हता, हेही खरे आहे.

बारा वाजून दहा मिनिटांनी खलबत्ता जागेवर नव्हता. त्या जागी आमचा मिक्सर होता. चिठ्ठी तीच होती. पाहुण्यांनी ती वाचली, मिक्सरकडे पाहिले व म्हणाले, “छान जपलाय.”

गुरुजींनी मला सोबत घेऊन ठाण्यात येऊन चोरीची तक्रार दिली आणि संशयित म्हणून आईचे नाव सांगितले. आईला बोलावले. ती खलबत्ता पिशवीत घालूनच आली. ठाणे अंमलदारांनी विचारले, “मावशी, हा तुम्ही उचललात?”

“मी घरी नेला, साहेब. उचलला हिने.”

गुरुजी म्हणाले, “वहिनी, दानपत्रावर तुमची सही आहे.” आईने कागद पाहिला. “सही झकास आहे. पण माझी एवढी सरळ कुठे येते?”

ती सही मी केली. मालकाने स्वतः, सचिवासमोर सही करावी, हा मंडळाचा नियम चौथा. तोही मीच लिहिला आहे. गावातल्या एक्केचाळीस घरी मी तो पाळला. एका आजोबांचा चष्मा सापडेपर्यंत तासभर बसले. आईला अक्षरे काढायला वेळ लागतो. त्या दिवशी मला घाई होती. घाई कसली, ते आठवत नाही.

अंमलदारांनी खलबत्त्याचे वय विचारले. आई म्हणाली, “ही पोटात होती तेव्हा दारावर पाथरवट आला होता, त्याच्याकडून घेतला.” गुरुजींनी दानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “गैरसमज झाला. तक्रार मागे घेतो. वयाचं तेवढं लिहू नका, पुस्तिका छापून झालीय.” मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, “सचिव राहायचंय ना?”

म्हणून हा जबाब मी आपणहून देत आहे. चोरी झालेली नाही. खलबत्ता आईचा आहे, माझ्याच वयाचा आहे आणि वापरात आहे. खोट्या सहीबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. त्याबाबत आईची काही तक्रार आहे का, असे अंमलदारांनी विचारले. ती म्हणाली, “आहे ना. ती मी घरी जाऊन करीन.”

हे सगळे मला वाचून दाखवले. बाहेरच्या बाकावरून आईनेही ऐकले. मी सांगितले तसेच उतरले आहे. साक्षीदार म्हणून खालची सही आईची असून ती तिनेच केली आहे. ती पूर्ण होईपर्यंत गुरुजींसह सर्वजण थांबले.