शाडूची मूर्ती आणि विमानाचा धूर

आमच्या भाच्याच्या त्यागाची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच. निखिल जर्मनीत असतो. यंदा त्याने रोह्याला आईला कळवलं, "गणपतीला येत नाही. विमानाच्या धुराने पृथ्वी तापते, म्हणून मी विमानप्रवास सोडलाय." ताईने त्याची खोली सारवून-पुसून ठेवली होती. पण पृथ्वीपुढे आईने काय बोलायचं?

पुढच्या आठवड्यात मी ताईकडे असतानाच त्याचा मला फोन आला. मी स्पीकर लावला.

"मामा, तुम्ही पेणलाच राहता, तर शाडूची एक मूर्ती विमानाने पाठवा ना! इथे प्लास्टरची मिळते. पर्यावरणाला वाईट."

ताई पुढे सरकली. "बाला, त्या विमानाला धूर नाय काय?"

"अगं आई, एका मूर्तीसाठी वेगळं विमान थोडंच उडतं? ते जाणारच असतं."

"मग तुझ्यासाठी वेगळं उडवणार व्हते काय?"

जर्मनीत रेंज एवढी वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं. बराच वेळ काही ऐकूच येईना.

शेवटी गणपती पेणहून रोह्याला माझ्या मांडीवर बसून एसटीने आला. पर्यावरणप्रेमी विमानाने आले.