मागच्या खोलीचा धर्म

निरीक्षक : आणि हा सांगाडा कुणाचा?

पुजारी : माझ्या मेहुण्यांचा.

निरीक्षक : काय?

पुजारी : म्हणजे त्यांच्या मंडळाचा हो, बाई. प्लास्टिकचा आहे. मेहुणे स्वतः हे काय, इथे उभे आहेत. हाडामांसाचे.

प्राध्यापक : नमस्कार. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आणि विज्ञान मंडळाचा अध्यक्ष. दर रविवारी या खोलीत आम्ही मुलांकडून प्रयोग करून घेतो. वर गच्चीत दुर्बीण आहे. मुलांना हक्कानं दुर्बिणीला डोळा लावता येईल अशी दुसरी जागा या गावात नाही.

निरीक्षक : अडचण तिथेच आहे, सर. ही इमारत आमच्याकडे प्रार्थनास्थळ म्हणून नोंदलेली आहे, म्हणून तिला करमाफी. नव्या नियमाप्रमाणे माफी हवी असेल, तर आत उपासनेखेरीज काहीही चालता कामा नये. महिनाअखेरीस ही खोली रिकामी करावी लागेल.

पुजारी : अहो, पण दादांचं चालतं तीसुद्धा उपासनाच की! एक पंथ समजा ना.

प्राध्यापक : दाजी, शब्द मागे घ्या.

निरीक्षक : थांबा, थांबा. पंथ असेल तर नियमात बसतं. नियमित जमता?

प्राध्यापक : दर रविवारी सकाळी. आजवर खंड नाही.

निरीक्षक : सुरुवातीला सगळे मिळून काही म्हणता?

प्राध्यापक : …प्रतिज्ञा.

पुजारी : उभं राहून, हात पुढे करून. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही पाठ झाली आहे.

निरीक्षक : आणि हा फोटो?

प्राध्यापक : संस्थापकांचा. हार घालत नाही, याची कृपया नोंद घ्या.

पुजारी : हार नाही, पण पुसतात रोज. स्वतःच्या रुमालानं.

प्राध्यापक : धूळ बसते म्हणून, दाजी! धूळ ही वस्तुस्थिती आहे.

निरीक्षक : मंडळात कधी फूट वगैरे?

प्राध्यापक : काही जण बाहेर पडले. ‘देव नाही’ म्हणायचं, की ‘देव असल्याचं अद्याप दिसून आलेलं नाही’ म्हणायचं, या मुद्द्यावर.

निरीक्षक : आता बोलणं आहे त्यांच्याशी?

प्राध्यापक : त्या पाखंड्यांशी? म्हणजे… त्या माजी सदस्यांशी? नाही.

निरीक्षक : सर, मी बरीच प्रार्थनास्थळं तपासली. इतकी ठळक लक्षणं क्वचितच दिसली. ‘आम्ही पंथ आहोत’ असं सही करून द्या, खोली तुमची.

प्राध्यापक : नाही देणार.

पुजारी : दादा! खोली जाईल. मग दुर्बीण काय तुमच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात मांडू?

प्राध्यापक : रस्त्यावर मांडेन. सोयीसाठी निष्कर्ष बदलायचा नाही, असं मुलांना शिकवलं आणि आता खोलीच्या सोयीसाठी मीच स्वतःला पंथ म्हणवून घेऊ? आणि तुम्हीही हे हसण्यावारी नेऊ नका. आज बाई माझी लक्षणं तपासताहेत. उद्या तुमच्या दारात उभ्या राहून विचारतील, ही प्रार्थना पुरेशी आहे का, ते आजाऱ्यांचे डबे उपासनेत बसतात का.

निरीक्षक : डबे? कसले डबे?

(पुजारी खिडकीची कडी उगाचच लावतो आणि पुन्हा काढतो.)

पुजारी : बायकोला नेहमी सांगतो मी, तुझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही म्हणून. बाई, दवाखान्यात ज्यांचं कुणी नसतं, त्यांना आमच्याकडून जेवण जातं. कुठल्या देवाला मानता ते न विचारता.

निरीक्षक : आणि ते शिजतं कुठे?

पुजारी : इथेच. पलीकडच्या खोलीत.

निरीक्षक : मग तेही बंद करावं लागेल. मला वाईट वाटतं, खरंच, पण नियम…

पुजारी : वाईट नका वाटून घेऊ. उलट लिहा.

निरीक्षक : उलट म्हणजे?

पुजारी : हे लोकांचं सभागृह आहे, असं लिहा. इथे एक मंडळ प्रयोग करतं, एक मंडळ डबे भरतं आणि एक मंडळ प्रार्थना करतं. कर भरू आम्ही, चारचौघांसारखा.

प्राध्यापक : दाजी, तुमची माफी जाईल!

पुजारी : जाऊ दे की. माफी घेतली म्हणूनच तर बाईंना आमच्या खोल्या उघडून बघाव्या लागताहेत. देवानं काही माझ्याकडे सवलत मागितली नव्हती.

निरीक्षक : तसं केलंत, तर माझं इथे काही कामच उरत नाही.

पुजारी : चहा उरतो. बसा.

निरीक्षक : बसते. पण विश्वस्तांचा ठराव लागेल हं. तुमच्या एकट्याच्या शब्दावर नाही होणार.

पुजारी : ते आज संध्याकाळी बसणारच आहेत, प्रार्थनेनंतर.

प्राध्यापक : ऐकतील?

पुजारी : दोघे ऐकतील. त्यांची नातवंडं तुमच्या दुर्बिणीपाशी नंबरावरून भांडतात. बाकीचे कुरकुरतील. ‘त्या नास्तिकापायी आपण कर का भरायचा?’ म्हणतील. त्याला काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

प्राध्यापक : मी आलो तर?

पुजारी : वाद घालायला?

प्राध्यापक : नाही. प्रार्थनेलाच येतो. मागच्या बाकावर बसेन, गप्प. ज्याच्यासाठी कर भरायचा, तो माणूस त्यांनी निदान बघावा.

पुजारी : मागे काही ऐकू येत नाही, दादा.

प्राध्यापक : म्हणून तर मागे.

पुजारी : बरं. बाक कडक आहे. उशी ठेवतो.