कोठीवाल्यानं नाव विकलं

मंडळी, एक विचारतो. उत्तर लगेच नको, मनात ठेवा. माणसानं स्वतःची वस्तू विकली, तर त्यात पाप काय? घर विका, गाय विका, गळ्यातली माळ सोडून हवं ते विका! पण एखादी वस्तू आपल्या हातात असते, आपल्या नावावर असते, आणि तरी ती आपली नसते — असं होतं का कधी? टाळ खाली ठेवा. ऐका.

आज पुराणातली कथा नाही. आजची कथा कॉम्प्युटरवरच्या खेळातली! हसा, हसा! पुढच्या रांगेतल्या आजी म्हणतायत, "बुवांना काय कळतंय त्यातलं?" खरं आहे, आजी! भाच्यानं एकदा मला त्या खेळात उतरवलं — एका दुपारी अकरा वेळा मेलो! मारणारा कोण? राक्षस? छे! एक कोल्हा!

तर खेळाचं नाव सप्तगड. हजारो माणसं आपापल्या घरी बसून त्यात एकत्र खेळतात. प्रत्येकाचं एक सोंग — कुणी धनुर्धारी, कुणी लोहार. गड चढायचे, राक्षस मारायचे, ढाली-तलवारी मिळवायच्या. आणि बाजारसुद्धा! मोठा वड, वडाला पार, पारावर देवघेव. माझी ढाल घे, तुझा घोडा दे. पण बाजार आला की संशय आलाच! आधी कुणी द्यायचं? मी ढाल दिली आणि तू पळालास तर?

म्हणून तिथं लागतो एक मधला. दोघांनी आपापली वस्तू त्याच्या हातात द्यायची. त्यानं दोन्ही पारखायच्या, मग इकडची तिकडे, तिकडची इकडे. सप्तगडाच्या पारावरचा मधला म्हणजे — कोठीवाले!

हा कोठीवाले खरा कोण? उदगीरचा नागेश बिराजदार. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढचं धुकं पुसायचं, आणि संध्याकाळी त्या पारावर जाऊन उभं राहायचं. सहा वर्षं! सहा वर्षांत एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. लोक म्हणायचे, "कोठीदादांच्या हातात दिलं म्हणजे देवघरात ठेवलं."

आणि माणूस विश्वासाचा दिसला, की लोक काय करतात? बोलतात! देवघेव राहते बाजूला, आपलं सुखदुःख लिहीत बसतात. नागेश उत्तर द्यायचा — "हो का?" "अरेरे." "सांभाळा." हे सगळं बोलणं कोठीवाल्याच्या नावाखाली साठत गेलं. यंत्र काही विसरत नाही!

मग एक गिऱ्हाईक आलं. "तुमचं सोंगच विकत द्या. नाव, आत शिरायची किल्ली, सगळं." किंमत सांगितली — दारात नवीकोरी मोटरसायकल उभी राहील एवढी! आणि एकच अट. "जुनं बोलणं पुसायचं नाही हं. जसंच्या तसं पाहिजे."

नागेश म्हणाला, "घ्या की! त्यात काय आहे?"

त्यात काय आहे! मंडळी, पोतं विकताना माणूस आत हात घालून बघतो. यानं बघितलं नाही.

गाडीला हार घातला. बायको कावेरी म्हणाली, "अहो, विकलंत तरी काय?"

"नाव विकलं."

"अगबाई! आणि आता हाक काय मारू तुम्हाला?"

"खेळातलं गं! तिथं कोण कुणाचं असतं!"

पंधरा दिवस गेले. रविवारची दुपार. सवय सुटेना. नागेशनं फुकटातलं नवं सोंग घेतलं. अंगावर फाटका सदरा, पायात वहाण नाही. नाव ठेवलं पाहुणा. गेला पाराकडे. बघतो तर — वडाखाली कोठीवाले उभे! तोच फेटा, तीच काठी. स्वतःलाच लांबून बघावं लागलं त्याला. कुणाला असं बघायला लागू नये, मंडळी.

पाराखाली दोघं ओरडत होते, "कोठीदादा, माझा घोडा?" "दादा, माझी ढाल अजून आली नाही!" आणि वरून उत्तर — "थांबा, गर्दी आहे."

सहा वर्षांत कोठीवाल्यानं 'थांबा' म्हटलं नव्हतं. घेतलं की दिलं, हीच रीत. मग आज वस्तू जातायत कुठं?

तेवढ्यात आली शेवंती. हे खेळातलं नाव. खरी ही बाई संगमेश्वरकडची अंगणवाडीताई. ती आणि तिचा धाकटा भाऊ अनंता, दोघं मिळून खेळायचे. भाऊ वर्षापूर्वी गेला. आजारपणात गेला. त्या खेळात एक रीत आहे — लोहारानं घडवलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचं नाव उमटतं. अनंतानं ऐरणीवर एकदाच हात चालवला, तेव्हा एक दिवा केला होता. वाकडा, साधा, कवडीमोलाचा. त्यानं तो तेव्हाच विकून टाकला. पण त्यावर नाव होतं — 'घडवणार, अनंता'.

वर्षभर ती तो दिवा शोधत होती! सापडला एका परक्या व्यापाऱ्याकडे. गरज ओळखून तो म्हणाला, "गरुडपंख द्या." गरुडपंख! सहा वर्षं राबून मिळवलेले, अख्ख्या खेळात दहाजणांकडे नसतील! ती म्हणाली, "देते. पण कोठीदादांच्या हातून."

आमच्या आत्याच्या तोंडी एक ओवी होती —

*दारीच्या पिंपळाची पानं मोजाया कोण गं,*
*बंधवाचं नाव माझ्या जिभी राखाया कोण गं.*

व्यापाऱ्यानं दिवा कोठीवाल्याच्या हातात ठेवला. शेवंती पंख उतरवू लागली, आणि नागेश पळत पुढं आला.

"ताई, देऊ नका! हा कोठीवाला नाही!"

"तुम्ही कोण?"

"मीच कोठीवाला! नाव विकलं मी. हा दुसराच कुणी बसलाय!"

बाजार हसला! "वा रे पाहुण्या! आधी वहाणा घे!" "मी पण राजा आहे रे, मुकुट धुवायला टाकलाय!"

शेवंती हसली नाही. भली बाई. ती म्हणाली, "अनंता गेला त्या दिवशी मी इथंच येऊन बसले होते. त्याचं शेवटचं बोलणं मी घरात कुणाला सांगितलं नाही. फक्त कोठीदादांना सांगितलं. तुम्ही ते असाल, तर सांगा. काय म्हणाला होता तो?"

मंडळी, नागेशची बोटं कीबोर्डवर थांबली. आठवतंय का? आठवतंय! ती संध्याकाळ आठवली. समोर पोह्यांची ताटली होती. शेंगदाणे खवट होते, हेसुद्धा आठवलं. तिनं लांबलचक काही लिहिलं होतं. आपण लिहिलं होतं — "अरेरे. सांभाळा."

भाऊ काय म्हणाला, ते आठवेना. खवट शेंगदाणा आठवतो, आणि मेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द आठवत नाही!

"ताई... थोडा वेळ द्या..."

ती वडाकडे वळली. "कोठीदादा, तुम्ही सांगा."

चोर काय करत होता? जुनं बोलणं चाळत होता! जसंच्या तसं मागून घेतलेलं! आणि उत्तर आलं —

"पाणी नको, ताई. खिडकी उघड."

शेवंतीनं पंख उतरवले. त्याच्या हातात ठेवले. शिवाय वाकून नमस्कार केला.

आणि वडाखाली कुणी नव्हतं.

कल्लोळ झाला. घोडेवाला, ढालवाला, तो परका व्यापारी, सगळे शिव्या देत पांगले. पाराच्या पायरीवर ती एकटी. शेजारी हा अनवाणी.

"ताई, मी खोटं बोलत नव्हतो."

तिनं एकच शब्द लिहिला. "कळलं."

नागेशनं गिऱ्हाइकाला फोन लावला. "पंख ठेव बाबा, पाया पडतो. तो दिवा तेवढा परत दे!"

"कुठला दिवा? हां, ते लोखंड! ते दुकानात टाकलं."

दुकान म्हणजे खेळाचं स्वतःचं दुकान. तिथं काहीही टाका, दोन कवड्या मिळतात आणि वस्तू संपते. कुणाच्या घरी जात नाही, कुणाला पुन्हा सापडत नाही. सगळ्या सप्तगडात अनंताचं नाव एकाच जागी होतं, ते दोन कवड्यांत मिटलं.

नागेशनं मोटरसायकल विकली, पैसे शेवंतीला देऊ केले. तिनं काही घेतलं नाही. "पंख मी पुन्हा मिळवीन," म्हणाली. मग तो लोहारकाम शिकला. महिनाभर ऐरणीवर राबून अगदी तसाच वाकडा दिवा केला. नेऊन तिच्यापुढं ठेवला. तिनं उचलून बघितला. नाव उमटलं होतं — 'घडवणार, पाहुणा'.

तिनं तो हळूच खाली ठेवला.

"दादा, त्या दिवशी तुम्हाला का सांगितलं, ठाऊक आहे? घरात सगळे रडत होते. मला न रडता ऐकणारं कुणीतरी हवं होतं. वाटलं, तुम्ही ऐकताय."

त्यानंतर शेवंती पारावर दिसली नाही. आणि त्या खेळात जमिनीवर ठेवलेली वस्तू घटकाभरानं आपोआप नाहीशी होते. दिवा गेला. नागेश बघत बसला.

आता कळलं का, काय विकलं त्यानं? नाव त्याचं होतं. पण त्यात भरलेलं दुसऱ्याचं होतं!

चोराला शिव्या देऊ नका, त्याच्याकडे आपण नंतर बघू. चोरानं निदान वाचलं तरी! मी तुम्हाला विचारतो. दादा, खांबाला टेकलेले — हो, तुम्हीच! आज घरातून निघताना घरची लक्ष्मी काही सांगत होती. काय सांगत होती? ताई, परवा आईचा फोन आला होता. 'हं, हं' म्हणालात. ती काय म्हणाली?

आठवा. मृदंग थांबवलाय मी. आठवेपर्यंत गजर नाही.

...कुणीच बोलत नाही.

मग आज आरती राहू द्या. घरी जा. कुणी जागं असेल तर विचारा — "मघाशी काय म्हणत होतीस?" पुन्हा सांगायला ते माणूस आहे, तोवरच विचारा.