सात नंबरचे तांदूळ

(सुलभ ग्राहक भांडार, कसबा शाखा. दुकान उघडायला अर्धा तास आहे. शाखेचे व्यवस्थापक दिग्विजय आणि काउंटरवरच्या विजयमाला.)

दिग्विजय : विजयमालाताई, वीस वर्षांच्या शाखेचा इतिहास आठ ओळींत?

विजयमाला : शाखा लहान आहे.

दिग्विजय : अहो, स्मरणिकेची दोन पानं भरायची आहेत मला.

विजयमाला : मग जाहिराती घ्या.

दिग्विजय : त्र्याण्णवला सेल्फ-सर्व्हिस सुरू झाली, एवढंच लिहिलंय तुम्ही. त्या दिवशी झालं काय?

विजयमाला : काय होणार! गिऱ्हाइकं हातात टोपली घेऊन उभी, आणि आम्ही त्यांच्या मागे. त्यांनी 'साबण' म्हणायचं, आम्ही फळीवरून काढून द्यायचा. तेव्हाचे साहेब ओरडत होते, "त्यांना स्वतः घेऊ द्या!" कोण घेणार? न विचारता वस्तू उचलायची लाज वाटायची लोकांना.

दिग्विजय : हे मस्त आहे, छापतो. आता धान्य विभाग. ती चिठ्ठीची आयडिया कोणाची?

विजयमाला : निवडणाऱ्या बायकांचीच. जिनं निवडलं तिनं पिशवीत आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची. खडा निघाला तर बोलणी तिनंच खायची. पण झालं उलटंच. लोक येऊन विचारायला लागले, "सात नंबरचे तांदूळ आहेत का?"

दिग्विजय : सात म्हणजे आपल्या गोदाबाई. मी तक्रारवही पाहिली. दोन वर्षांत त्यांच्या नावावर एकही कम्प्लेंट नाही! म्हणून ठरवलंय, समारंभात त्यांना स्टेजवर बसवायचं. समोर सूप, सगळ्यांसमोर लाइव्ह डेमो. मग हिंजवडीच्या नव्या शाखेत ट्रेनर.

विजयमाला : नको.

दिग्विजय : का?

विजयमाला : लाजाळू आहे ती.

दिग्विजय : गोदाबाई? काल मला म्हणाल्या, "साहेब, टाय बांधल्यावर शिंकता येतं का?"

विजयमाला : तरी नको.

दिग्विजय : ताई, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही गोदामात काय करता?

विजयमाला : जेवते.

दिग्विजय : तुमचा डबा तर इथेच असतो, काउंटरखाली.

विजयमाला : ...दिसत नाही तिला. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. तिच्या पिशव्या मी पुन्हा निवडते.

दिग्विजय : दोन वर्षं?

विजयमाला : वही पाहिलीत ना तुम्ही.

दिग्विजय : आणि त्यांना माहीत नाही?

विजयमाला : नाही. कळलं तर त्याच दिवशी गावाकडची, लोणीची बस धरेल आणि पुन्हा यायची नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही. तिथे भिंतीकडे बघत बसेल. तुम्हाला माझ्यावर कारवाई करायची असेल तर करा. तिला मात्र काही बोलू नका.

गोदाबाई : कशाची कारवाई? आन् दार लावून काय खुसफुस चाललीया?

विजयमाला : ये गोदा. काही नाही, स्मरणिकेचं.

गोदाबाई : गेनबा वॉचमननं सांगितलंय मला समदं इष्टेजचं. साहेब, मी काय न्हाई बसायची तितं.

दिग्विजय : का, गोदाबाई?

गोदाबाई : मोठा खडा बोटाला लागतो, त्यो काढते. बारीक ऱ्हातंय. ते ही काढती.

विजयमाला : गोदा!

गोदाबाई : माजी गाठ आन् तुजी गाठ येगळी हाय, माला. पिशवीवरनं हात फिरवला की कळतं.

विजयमाला : कधीपासून?

गोदाबाई : पैल्या दिसापास्नं.

विजयमाला : मग बोलली का नाहीस?

गोदाबाई : बोलले असते तर घरी जावं लागलं असतं. आता साहेबांनी आयकलंच हाय. जाते म्या.

दिग्विजय : बसा हो. कोणी कुठे जात नाही. स्टेज रद्द, हिंजवडीही रद्द. ताई, दुपारी काउंटर नम्रता बघेल. सात नंबरला यापुढे दोन माणसं, असं मी लिहून ठेवतो.

विजयमाला : वरच्यांनी विचारलं तर?

दिग्विजय : सांगेन, तांदूळ खाऊन बघा.

गोदाबाई : मग माला, त्या अंधाऱ्या गोदामात बसू नगंस. माजी खिडकीपाशीची जागा तू घे. मला आता कुटं बी चालतंय.